थंडर बे (कॅनडा): शहरात शिकायला येणाऱ्या मुलांना सांभाळण्याचं स्वयंसेवी काम – कुणाला अनुभव आहे का?

उंबरठा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिलाच. चूकभूल द्यावी घ्यावी.

मी ५७ वर्षांची. पुण्यात माध्यमिक शाळेत गणित शिकवत होते, गेल्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेतली. लेक कॅनडात, ओंटारिओ प्रांतातल्या थंडर बे इथे नर्स आहे. तिला पीआर (कायम राहण्याचा हक्क) मिळालंय, त्यामुळे सुपर व्हिसावर (आईवडिलांना मिळणारा लांब मुदतीचा व्हिसा) तिच्याकडे दीड-दोन वर्षं जायचं चाललंय. ('बाळंतपणाला का?' हा प्रश्न कृपया नको. सोसायटीत रोज उत्तर देतेय. तिचं लग्नही झालेलं नाही.)

तिकडे नुसतं बसून काय करू, असं म्हटल्यावर लेकीने एक गोष्ट सांगितली. शहराच्या उत्तरेला शेकडो किलोमीटर रान आणि तळी आहेत, त्यात तिथल्या मूळ रहिवाशांची, फर्स्ट नेशन्सची, छोटी गावं आहेत. बऱ्याच गावांत शाळा आठवीपर्यंतच. पुढे शिकायचं तर चौदा-पंधराव्या वर्षी विमानात बसून थंडर बेला यायचं आणि अनोळखी घरात राहायचं. अशा मुलांकडे बघणाऱ्या माणसांची तिथे कायम गरज असते म्हणे.

माझं आयुष्य याच वयाच्या पोरांत गेलंय. पण वर्गात चाळीस मिनिटं सांभाळणं वेगळं आणि घरात सांभाळणं वेगळं, एवढं कळतं. बाहेरून आलेल्या बाईला हे काम देतात का? माझं इंग्रजी चालेल का? मी शाकाहारी, त्याचं काय? आणि मुळात माझ्यासारखीने हे करावं का? स्पष्ट लिहिलंत तरी चालेल.

तिखटमीठ

वाचतोय. विषय वेगळा आहे.

आडवातिडवा

स्पष्ट लिहायला सांगितलंय म्हणून लिहितो. अर्धी पृथ्वी ओलांडून आदिवासी मुलं सांभाळायला निघालात, चांगलंय. पालघर, नंदुरबार, गडचिरोलीची मुलं पुण्यात वसतिगृहाचा नंबर लागेना म्हणून दहा बाय दहाच्या खोलीत पाच जण राहतात. तिथे जायला सुपर व्हिसा लागत नाही, पीएमपीएमएलची बस जाते. पण 'मी कॅनडात व्हॉलंटियरिंग करते' म्हणण्यात जी मजा आहे ती 'मी हडपसरला पोरांना गणित शिकवते' म्हणण्यात नाही. बघा बुवा.

उंबरठा

आडवातिडवा, टोला बसला. खरंही आहे थोडं. पण मी तिकडे जाणार आहे ते लेकीसाठी. काम त्यानंतर. हडपसरचं म्हणाल तर निवृत्तीनंतर आठ महिने एका अभ्यासिकेत जात होते, ते लिहायचं राहिलं. आता मुद्द्यावर येऊ या?

टोरांटोचे_आप्पा

ताई, कागदपत्रांपुरतं लिहितो. सुपर व्हिसावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं (जुलै २०२२ पासून), पण तुम्ही तिथे 'व्हिजिटर' असता, कामाचा परवाना नसतो. निव्वळ बिनपगारी, ज्याला एरवी कुणी पगार देत नाही अशी मदत वेगळी. पण ज्या कामाचे तिथे पैसे मिळतात ते तुम्ही फुकट केलंत तरी सरकारच्या नजरेत ते 'काम' ठरू शकतं. मुलं घरी ठेवणाऱ्यांना महिन्याला पैसे मिळतात, म्हणजे तो रस्ता तुमच्यासाठी बंद समजा. लेक ठेवू शकते, तुम्ही नाही. संस्थेला आधी लेखी विचारा. 'चलता है' तिथे चालत नाही, आणि अडकलात तर लेकीलाही त्रास.

दुसरं: मुलांजवळ जायचं असेल तर पोलिसांची 'व्हल्नरेबल सेक्टर' तपासणी लागते. तुम्ही नव्याने गेलेल्या असणार, तेव्हा भारतातलं पोलीस क्लिअरन्सही मागतील. पासपोर्ट कार्यालयातून ते निघण्याआधीच घेऊन ठेवा. तिथून काढायला गेलात तर दूतावासाच्या चकरा. आरोग्य विम्याची पॉलिसी किमान एक लाख डॉलरची लागते, ती व्हिसाचीच अट आहे.

सुपीरियरकाठ

उंबरठाताई, मी थंडर बेला नऊ वर्षं होते. त्यातली साडेतीन वर्षं आमच्या घरी दोन-दोन मुलं राहत होती. सध्या विनिपेगला आहे. लांबलचक होणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी शहर. पोर्ट आर्थर आणि फोर्ट विल्यम ही दोन गावं १९७० साली एकत्र करून हे झालं. म्हणून आजही दोन डाउनटाउन, आणि दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांत खुन्नस. लाखभर वस्ती. समोर लेक सुपीरियर हे सरोवर आणि पाण्यात उताणा झोपलेल्या राक्षसासारखा डोंगर, स्लीपिंग जायंट. इथले मूळ रहिवासी ओजिब्वे लोक त्याला नानाबिजू म्हणतात. लेकहेड विद्यापीठ आणि कॉन्फेडरेशन कॉलेजमुळे आपल्याकडची मुलं आता खूप दिसतात. मराठी घरं मात्र बोटांवर मोजण्याइतकी.

उत्तरेला निश्नॉबे अस्की नेशन. हा ४९ फर्स्ट नेशन्सचा संघ, ओंटारिओच्या दोन तृतीयांश भूभागावर पसरलेला. बऱ्याच गावांना बारमाही रस्ता नाही. तळी गोठली की काही आठवडे बर्फावरून 'विंटर रोड' चालतो, एरवी छोटं विमान. सँडी लेक, डियर लेक, पार हडसनच्या उपसागराशी फोर्ट सेव्हर्न. नेस्कांटागा नावाच्या गावात १९९५ पासून पाणी उकळून प्यायची सूचना लागू होती, पिढी मोठी झाली तरी उठली नव्हती. तिथून आलेल्या मुलीने पहिल्याच दिवशी आमच्या नळाकडे बघून विचारलं, "हे पिता येतं?" मी हो म्हटलं. पुढचे दोन दिवस तिने बाटलीतलंच पाणी प्यायलं. माझ्या हो म्हणण्याला काय अर्थ होता? तिच्या जन्माआधीपासून कोणी ना कोणी अधिकारी 'लवकरच होईल' म्हणतच होता.

आता ज्याच्याशिवाय हे काम कळत नाही ते. थंडर बेला डेनिस फ्रँकलिन क्रोमार्टी हायस्कूल आहे, सगळे डीएफसी म्हणतात. ही शाळा फर्स्ट नेशन्सच चालवतात. २००० ते २०११ या काळात उत्तरेतून शिकायला आलेली सात मुलं या शहरात दगावली. त्यातल्या पाच जणांचे देह इथल्या नद्यांत सापडले. ऑक्टोबर २०१५ ते जून २०१६ अशी सार्वजनिक मृत्युचौकशी चालली. ज्युरीने १४५ शिफारशी केल्या, आणि सातपैकी चार मृत्यूंचं कारण 'अनिश्चित' असं लिहिलं. मे २०१७ मध्ये आणखी दोन किशोरवयीन मुलांचे देह पाण्यात मिळाले. डिसेंबर २०१८ मध्ये प्रांताच्या पोलीस-तक्रार यंत्रणेचा अहवाल आला. त्यात शहर पोलिसांत व्यवस्थेतच वंशभेद मुरल्याचं नोंदवलं, आणि आदिवासींच्या नऊ मृत्यूंचा तपास पुन्हा करा असं सांगितलं.

हे मी घाबरवायला लिहीत नाही. पोर दहाच्या जागी अकरापर्यंत आलं नाही की तिथे फोन का खणखणायला लागतात, ते यावरून कळेल. शाळेची माणसं रात्री व्हॅन घेऊन शहरभर मुलं शोधत फिरतात, त्यांना 'ऑन-कॉल' म्हणतात. मी साडेतीन वर्षं फोन उशाशी ठेवून झोपले. अजूनही सवय गेलेली नाही, नवरा वैतागतो.

तिखटमीठ

बाप रे. हे काहीच माहीत नव्हतं.

एक भाबडा प्रश्न: इतकं सगळं झाल्यावर आईबाप पाठवतातच कशाला?

सुपीरियरकाठ

कारण गावात नववी नाही. बस. पर्याय दोनच: पोराला शहरात धाडा, नाहीतर शिक्षण सोडा.

आणि याच्यामागे आणखी एक पदर आहे. शंभरहून अधिक वर्षं कॅनडाच्या सरकारने आणि चर्चने आदिवासी मुलं घरातून नेऊन निवासी शाळांत कोंडली, भाषा बोलली म्हणून मारलं. शेवटची शाळा बंद झाली ती १९९० च्या दशकात. म्हणजे माझ्याकडच्या पोरांचे आजी-आजोबा त्यातून गेलेले. २०१५ मध्ये सत्यशोधन आयोगाचा अंतिम अहवाल आला, २०२१ पासून ३० सप्टेंबरला राष्ट्रीय स्मरणदिन असतो, सगळे नारिंगी शर्ट घालतात. पण तुम्ही जेव्हा म्हणता 'मी या मुलांना प्रेमाने सांभाळीन', तेव्हा पलीकडे आजीला काय ऐकू येतं याचा विचार करा. हेच वाक्य तिला सहाव्या वर्षी नेताना तिच्या आईला कुणीतरी ऐकवलं असेल.

म्हणून ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नाला माझं उत्तर: करा, पण आई व्हायला जाऊ नका. त्यांना आई आहे. ती रोज रात्री फेसबुकवर असते आणि तुमच्यावर तिचं बारीक लक्ष असतं (असायलाच हवं). तुम्ही दार उघडणारी बाई. कोण कधी गेलं, कोणाबरोबर, कोण परत आलं, हे जिला ठाऊक असतं ती. मी पहिल्या वर्षी आई व्हायला गेले आणि तोंडघशी पडले, ते पुढे कधीतरी सांगते.

नागनाथपार

सुपीरियरकाठ यांचा प्रतिसाद वाचून वडिलांची आठवण झाली. थोडं अवांतर, पण अगदीच अवांतर नाही.

वडील १९३८ साली राजापूरजवळच्या खेड्यातून पुण्याला आले, वय चौदा. राहायला एका वाड्यात जिन्याखालची जागा, आणि जेवायला वार लावलेले. नवीन मंडळींसाठी: गरीब विद्यार्थ्याने सात वारी सात घरी जेवायचं, अशी पद्धत होती. (आणि ही सोय सगळ्या जातींच्या पोरांना होती असं कृपया कुणी समजू नये. पुण्याच्या दातृत्वाला सोवळं होतं.)

वडील कृतज्ञ होते, पण गोड नव्हते. मंगळवारच्या घरी पान माजघरात नाही, जिन्याजवळ मांडत. वाईट वागवत नसत हो, नुसतं जिन्याजवळ मांडत. त्या घरी मंगळवारी बहुधा भरलं वांगं असे. आई सुगरण होती, तरी आमच्याकडे भरलं वांगं केलं की वडील आमटीभात खाऊन उठायचे. वयाच्या ऐंशीव्या वर्षापर्यंत. उंबरठाताई, तुमच्या हातचं काय त्यांच्या लक्षात राहील, सांगता येत नाही.

उंबरठा

नागनाथपार काका, हे वाचून स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले पाच मिनिटं. सुपीरियरकाठ, तोंडघशी पडलात ते 'पुढे कधीतरी' नको, आत्ताच सांगा. माझ्या उपयोगाचं तेच असणार.

काठमांडू_रिटर्न

माझा अनुभव उलट्या बाजूचा, थोडक्यात. कॉलेजात असताना एका एजन्सीला पैसे भरून काठमांडूला महिनाभर 'अनाथाश्रमात सेवा' केली. (भारतीयांना नेपाळला व्हिसा लागत नाही, त्यामुळे फारच सोपं.) बारा-तेरा ते सोळा वयाची मुलं, बरीचशी हुम्लाची. हुम्ला म्हणजे नेपाळच्या वायव्य कोपऱ्यातला डोंगराळ जिल्हा. आम्ही खेळ घेतले, गाणी म्हटली, रडारड करून निरोप घेतला, फोटो टाकले. नंतर कळलं की ज्यांना आम्ही अनाथ म्हणत होतो त्यातल्या कित्येकांचे आईवडील जिवंत होते. शहरात चांगली शाळा मिळेल म्हणून दलालाला पैसे देऊन त्यांनी मुलं पाठवली होती. मुलं जितकी दीनवाणी दिसतील तितके आमच्यासारखे पैसे भरणारे जास्त येणार, असा तो हिशेब. आणि दर महिन्याला नवा दादा, नवी ताई, पुन्हा रडारड. एका मुलाने मला पहिल्या दिवशी विचारलं होतं, "तुम्ही कितीपर्यंत आहात?" तेव्हा मला ते गोड वाटलं.

जी संस्था तुमच्याकडून पैसे घेऊन, काहीही न तपासता, पंधरा दिवसांसाठी मुलांच्या खोलीत सोडते तिथून पळ काढा. आप्पांनी लिहिलेल्या पोलीस तपासणीचा कंटाळा येतो खरा, पण ती मागतात हीच चांगली खूण.

सातपुडा१५

मी नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावचा. घरी पावरी, म्हणजे आमची आदिवासी बोली बोलतो. सोळाव्या वर्षी अकरावीला नाशिकला आलो, सरकारी वसतिगृहात. आता पुण्यात नोकरी करतो. धागा दोनदा वाचला. सांभाळणाऱ्यांच्या बाजूचं खूप झालं, आमच्या बाजूचं लिहितो.

पहिले तीन महिने मी वर्गात एक शब्द बोललो नाही. सर म्हणाले 'लाजाळू आहे'. लाजाळू काही नव्हतो, गावात माझ्याइतकं कुणी बडबडत नव्हतं. माझं मराठी ऐकून दोन पोरं हसली होती, एवढंच. मग मी ठरवलं की यांना ऐकवायचंच नाही.

दुसरं, वास. शहरात कशालाच ओळखीचा वास नसतो. रात्री चुलीचा धूर नाही, महुआ नाही, गुरं नाहीत. झोप येत नाही त्याने. हे कुणाला सांगणार? मेसवाल्या मावशी होत्या एक, सिन्नरच्या. त्या काही विचारायच्या नाहीत. ताटात भाकरी टाकताना एक जास्तीची टाकायच्या आणि पुढच्याकडे वळायच्या. शिक्षक, वॉर्डन, समाजसेवक सगळे विचारायचे: घरची आठवण येते का, काही त्रास आहे का, मोकळेपणाने बोल. मोकळेपणाने बोल म्हटलं की माणूस आणखीच बंद होतो.

आणि होळीला घरी जाऊ द्या. आमच्याकडे होळी म्हणजे दिवाळीपेक्षा मोठी, आठवडाभर चालते. परीक्षा आहे म्हणून मला एक वर्ष सोडलं नाही. पेपर चांगला गेला. राग अजून आहे.

आडवातिडवा

सातपुडा१५, फार नेमकं लिहिलंत. मी वर जे खवचट लिहिलं ते मागे घेत नाही, पण तुमच्यापुढे गप्प बसतो.

सुपीरियरकाठ

सातपुडा१५, तुमचा प्रतिसाद तिथल्या प्रत्येक घराच्या फ्रिजवर चिकटवायला हवा. होळीच्या जागी तिथे वसंतातली रानबदकांची शिकार आहे. बर्फ वितळायला लागलं की पोरांचं शाळेत लक्ष नसतं, काकाबरोबर बदकं मारायला जायचं असतं. वार्षिक परीक्षा तोंडावर. मी आधी वाद घालायचे. नंतर तिकिटाची तारीख विचारायला लागले.

आता माझी फजिती. पहिल्या वर्षी दोन मुली आल्या, चौदा आणि पंधरा. ऑगस्टअखेर. मी काय केलं? खोली सजवली, भिंतीवर त्यांची नावं, जेवायला पाच पदार्थ. टेबलावर बसवून प्रश्नांची सरबत्ती: घरी कोण कोण, आवडतं काय, पुढे काय व्हायचंय. दोघी खाली बघत 'येस', 'नो', आणि एक अगदी हळू 'मीग्वेच', म्हणजे आभारी आहे. जेवल्या नाहीत. रात्री दीडला स्वयंपाकघरात उजेड दिसला, तर दोघी मायक्रोवेव्हमध्ये पाकिटातले नूडल्स करून, जमिनीवर बसून, हसत खिदळत खात होत्या. मला बघून गप्प. मीही चुकले, 'अगं मला उठवायचं ना' म्हणत गॅस पेटवायला गेले. त्यांची मैफल मोडली.

ऑक्टोबरमध्ये धाकटी एका रात्री आली ती दारू पिऊन. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी रागावले, रडले, 'मी तुझ्यासाठी एवढं करते' हेही म्हणाले. (हो, म्हणाले. पुण्याची आहे शेवटी.) ती म्हणाली, "आय डिडन्ट आस्क यू टू." खरंच होतं. त्यानंतर महिनाभर ती माझ्या घरात पाहुण्यासारखी राहिली.

हे वाचताय म्हणून कामाचं सांगते, विसरू नका: पिऊन आलेल्या मुलाला 'झोपू दे, सकाळी बघू' असं कधीही करायचं नाही. त्या सातांपैकी एका मुलीला शहरात येऊन थोडेच दिवस झाले होते, आणि ती गेली ती बोर्डिंग घराच्या आतच. कुशीवर झोपवा, शेजारी खुर्ची टाकून बसा, हाक मारून हलवून बघत राहा. उठवता येत नसेल, श्वास अडखळत असेल, अंग गार पडत असेल तर ९११. रागावणं उद्या. नॅलोक्सोनचा (अफूसारख्या नशेचा अतिरेक उतरवणाऱ्या औषधाचा) किट फार्मसीत फुकट मिळतो, पर्समध्ये ठेवा, वापरायचा कसा ते तिथेच दाखवतात. आणि जगणं नकोसं झाल्याचं कुणी बोललं, चेष्टेत बोललं तरी, मनात ठेवायचं नाही: शाळेच्या माणसाला लगेच कळवा, ९८८ ही हेल्पलाइन चोवीस तास असते.

एक ज्या संस्थेमार्फत मुलं आली तिच्याविषयी. नाव लिहीत नाही. पहिल्या वर्षी आम्हाला दोन तासांचं प्रशिक्षण दिलं, त्यात दीड तास फॉर्म भरून घेतले. मुलींच्या आईवडिलांचे फोन नंबर मिळायला तीन आठवडे लागले. तुम्ही अशा कुठल्याही ठिकाणी गेलात तर पहिल्या दिवशी नंबर मागा आणि स्वतः फोन करा. मी तो उशिरा केला. धाकटीच्या आजीला इंग्रजी बेताचं, मला त्यांची ओजी-क्री भाषा शून्य. तरी वीस मिनिटं बोललो. शेवटी तिने विचारलं, तिच्या बुटांना फर आहे का? नव्हतं. उणे तीसपर्यंत तापमान जाणाऱ्या गावात मी भिंतीवर नावं रंगवत बसले होते आणि पोरीचे बूट पाहिले नव्हते.

लिंबलोण

तुमचं 'आय डिडन्ट आस्क यू टू' वाचून माझ्या घरच्या सोळा वर्षांच्या कार्ट्याची आठवण झाली. तो तर इथेच जन्मला.

ताई, शाकाहाराचं कुणीच उत्तर दिलं नाही की.

सुपीरियरकाठ

हो, ते राहिलं. मूसचं (तिथल्या मोठ्या हरणाचं) मांस, मासे, रानबदक हे त्यांचं घरचं अन्न. कुणाच्या काकाने शिकार केली की खोकं भरून विमानाने येतं, आणि त्या दिवशी घरात सण असतो. तुम्ही खाऊ नका, पण नाक मुरडलेलं त्यांना दुसऱ्या खोलीतून कळतं. आम्ही बाहेर वेगळा फ्रीझर घेतला, एक भांडं आणि सुरी वेगळी ठेवली, आणि शिजवायचं त्यांनी. बॅनक नावाची त्यांची जाड भाकर असते, मैद्याची. ती मला मोठीने शिकवली, मी तिला थालीपीठ. तिला थालीपीठ आवडलं नाही, स्पष्ट म्हणाली. भोपळ्याचे घारगे मात्र आवडले.

आजीला तिकडे कोकुम म्हणतात. मोठी मला चेष्टेने कोकुम म्हणायला लागली. मी तिला आमसुलाचं सार करून दाखवलं, की बघ आमच्याकडे कोकम हे असतं. तिने एक घोट घेतला आणि म्हणाली, "येस, दॅट इज यू." आंबट!

इंग्रजी तुमचं चालेल. त्यांचंही शाळेतलंच आहे. फार बोलू नका म्हणजे झालं. गाडी चालवता येते का ते महत्त्वाचं. शहरात या पोरांवर चालत्या गाडीतून अंडी, बाटल्या फेकतात, शिव्या देतात. जानेवारी २०१७ मध्ये असाच लोखंडी ट्रेलर हिच (गाडीला ट्रेलर जोडायचा तुकडा) फेकलेला लागून एक आदिवासी बाई जखमी झाली आणि पुढे गेली. म्हणून संध्याकाळी पोरांना चालत पाठवायचं नाही, आणायला जायचं. गाडीत ती पुढे रस्त्याकडे बघत असतात, तुम्हीही, आणि तेव्हाच बोलतात. जेवणाच्या टेबलावर तीन महिन्यांत कळलं नाही ते मला मॉल ते घर या बारा मिनिटांत कळलं.

शहरात सगळंच तसं नाही, हेही लिहायला हवं. डीएफसीच्या मुलांनी आणि शिक्षकांनी मिळून 'वेक द जायंट' म्हणून उपक्रम सुरू केला, २०१९ पासून त्याचा संगीत महोत्सव होतो. दुकानांच्या काचेवर त्यांचा स्टिकर दिसला की मुलांना कळतं, इथे आत जाऊन उभं राहायला हरकत नाही. एवढ्या साध्या गोष्टीचा स्टिकर करावा लागतो, यावरून काय ते समजा.

टोरांटोचे_आप्पा

ताईंना गाडीसाठी: पुण्याचा परवाना थोडे दिवस चालेल, नंतर ओंटारिओचा घ्यावा लागेल. आणि बर्फात चालवायला शिकवणी लावा. कात्रजचा घाट चालवलाय म्हणून इथे येतंच असं नाही.

उंबरठा

सर्वांचे मनापासून आभार. पोलीस क्लिअरन्सचा अर्ज आज भरला. गाडी येते, बर्फ येत नाही. सातपुडा१५, तुम्हाला एक विचारू? त्या सिन्नरच्या मावशींना पुढे कधी भेटलात का?

सातपुडा१५

नाही. नाव पण माहीत नाही. मावशीच म्हणायचो.

उंबरठा (अकरा महिन्यांनी)

धागा वर काढतेय, क्षमस्व. बऱ्याच जणांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं म्हणून.

जूनमध्ये इथे आले. कागद, तपासणी, मुलाखत, प्रथमोपचाराचा वर्ग यात ऑक्टोबर उजाडला. आप्पा म्हणाले तसंच झालं: मुलं घरी ठेवता येणार नाहीत, लेखी सांगितलं. आठवड्यातून दोन संध्याकाळी शाळा सुटल्यावर अभ्यासाच्या टेबलावर बसते, बिनपगारी. नाव मोठं आहे, प्रत्यक्षात पहिले पाच आठवडे मी एकटी बसून शब्दकोडी सोडवली. मुलं पलीकडच्या सोफ्यावर फोन बघत. सातपुडा१५ यांचं ऐकून मी काही विचारलं नाही. बॅगेत घारगे नेत होते, डबा उघडा ठेवायचा. डबा रिकामा व्हायचा, पण घेताना कुणी दिसायचं नाही.

सहाव्या आठवड्यात एक मुलगा वही घेऊन आला आणि माझ्या शेजारी न बसता समोर उभा राहिला. एका पदावलीचे अवयव पाडायचे होते. मी कागद उलटा फिरवून त्याच्या बाजूने सोडवला. तो 'ओके' म्हणून गेला. आता तिघं-चौघं येतात. जे येत नाहीत ते जास्त अडचणीत आहेत हे मला दिसतं, आणि त्यावर माझ्याकडे काही उपाय नाही. एक मुलगी नोव्हेंबरात शाळा सोडून गावी परत गेली. चांगलं झालं की वाईट, मी ठरवू शकत नाही. घरी पोचल्यावर तिने तळ्याचा फोटो पाठवला, गोठायला लागलेल्या.

लेकीने मात्र अर्ज केलाय, सप्टेंबरपासून एक मुलगी घरी ठेवायचा. मी त्या घरात 'आजी' म्हणून असेन. बूट आधी बघणार.

काल नाताळसाठी मुलं घरी जायची होती. मला विमानतळावर यादी धरायला बोलावलं होतं: नाव, गाव, कुठलं विमान, कोण न्यायला येणार. सात जण सँडी लेकचे, बाकी इकडचे तिकडचे. पहाटे साडेपाचला सगळे बॅगा घेऊन रांगेत. मग हवा बिघडली, साडेनऊला एक विमान रद्द, अकराला दुसरं. सातही जणांना परत शाळेत आणलं, ती जिममध्ये गाद्या टाकून पडलीत. आज सकाळीही धुकंच आहे. लेकीच्या सगळ्यात मोठ्या पातेल्यात मुगाची खिचडी लावलीय, मीठ बेताचं घातलंय, सोबत त्यांच्यासाठी सॉसेजचं पाकीट घेतलंय. दहाला पोचायचंय. बाकी रात्री लिहिते.